राखुंडा वाढला

३ जून

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. खुर्चीतूनच घातला आहे, कारण खाली वाकलो तर पुन्हा वर येण्याइतकी पाठ लवत नाही. का लवत नाही, ती तक्रार गंभीर आहे आणि ती वडीलधाऱ्यांच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे.

आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत एक एसी आहे. त्याचा रिमोट व्यवस्थापकाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली व्यवस्थापकाच्या मेहुण्याच्या जुडग्यात, आणि मेहुणा सहलीला. एसी सोळा अंशांवर अडकलेला. गेले तीन आठवडे मी स्वेटर, मफलर आणि दोन-दोन पायमोजे घालून आग लिहितो आहे. काल "जाळून खाक करीन" हे वाक्य लिहिताना माझे दात वाजत होते. लेखकांनी आजवर उपासमार सोसली, तुरुंगवास सोसला. पण मेहुण्याच्या सहलीपायी काकडलेला लेखक मीच पहिला असेन.

आग कसली, तेही सांगतो. 'डबीवीर' नावाच्या कार्टूनचे संवाद आपल्या भाषेत लिहायचं काम मिळालं आहे. मुळात तो हातातल्या यंत्रावर खेळायचा खेळ. रानात चित्रविचित्र जीव भेटतात, त्यांना डबीत पकडायचं, पाळायचं आणि दुसऱ्याच्या जिवांशी झुंजवायचं. लढून लढून ते मोठे होतात आणि रूप पालटतात. काही जीव पाण्याचे, काही झाडपाल्याचे, काही दगडाचे. आगीचे सत्तावीस, ते माझ्या गळ्यात पडलेत. त्यांना नावं हवीत. ठिणगू, निखारू, वणव्या इथवर मी पोचलो आणि शब्द संपले. सिगरेट सोडल्यापासून आगीशी माझं येणंजाणं राहिलेलं नाही.

तुम्ही इस्पितळाच्या धोबीखान्याचा बॉयलर अडतीस वर्षं सांभाळलात. तुमच्याकडे शब्द असणार. सढळ हाताने द्या. विशेषतः एका म्हाताऱ्यासाठी. कासवाच्या चालीचा, पण पाठीवर कवचाऐवजी राखेचा ढीग. सगळ्यांना वाटतं, याचं संपलं. कुणी फुंकर मारली की आतून लाल दिसतो. याला काय म्हणू?

तुमचा भाचा

९ जून

चि. पंतास,

नमस्कार बसून घातलास, म्हणून आशीर्वाद आडवा होऊन देतो आहे. गोड मानून घे.

तुझी निम्मी आग चुकलेली आहे. निखारा म्हणजे धूर संपवून कामाला लागलेला. इंगळ म्हणजे लालबुंद आणि चावरा. विंचवासारखा दिसणारा कुणी असेल तर त्याला इंगळ्या म्हण. विस्तव म्हणजे शेजाऱ्याकडून मागून आणायची आग, तिला लाज असते. फुफाटा वरून गार दिसतो, पाय ठेवल्यावर कळतो. कोलीत हातात धरायचं असतं, पण कुणाच्या हातात ते बघून. लोळ दिसतो, धग दिसत नाही. झळ लागते, चटका बसतो, ऊब मिळते. यातलं एकाच्या जागी दुसरं लिहिलंस तर मुलं तुला माफ करतील, मी नाही.

म्हाताऱ्याला राखुंडा म्हण.

माझं बरं चाललं आहे. गच्चीवरची खोली, एका बर्नरची शेगडी, सकाळी चहा, दुपारी दोन बटाटे उकडून. खाली सूनबाई रोज ताट लावते म्हणते, पण स्वतःच्या जाळावर शिजलेलं अन्न अंगी लागतं. नातीने हॉस्टेलला जाताना तिचा तो डबीवीराचा जुना खेळ माझ्याकडे ठेवला आहे. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मात्र तुझ्या माहितीसाठी सांगतो, तिसऱ्या गावाच्या पुलावर एक पाण्याची बया उभी असते. ती एका फवाऱ्यात माझे सगळे, म्हणजे कुणाचेही, आगीचे जीव गारद करते. नातीने सांगून ठेवलं आहे, आजोबा, पाण्यापुढे आग टिकत नाही, एखादा झाडपाल्याचा जीव घ्या. मी म्हटलं, घेणार नाही.

पाणी आगीला भारी, हे कुणी ठरवलं? अडतीस वर्षं मी दोघांना एका घरात नांदवलं. मधला पत्रा धड असला की आग आणि पाणी भांडत नाहीत, त्यांची वाफ होते, आणि त्या वाफेवर चारशे खाटांच्या चादरी निघतात. पत्रा नसला तर दोघंही फुकट जातात. हे त्या खेळ करणाऱ्यांना कळवता आलं तर कळव.

मामा

२० जून

ती. मामांस,

तुमची सगळी नावं मंजूर. इंगळ्या तर इतका आवडला की व्यवस्थापक दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही त्याच नावाने हाक मारतो. सगळं झकास चाललं आहे, काळजी नसावी.

एक खास बातमी. तुमचा राखुंडा चौदाव्या भागात वाढतोय. मीच माझ्या हाताने त्याला वाढवणार आहे. तो प्रसंग लिहायला मी आतापासून पेन्सिली तासून ठेवल्यात. स्टुडिओत सगळे खूश आहेत.

पुलावरच्या बयेबद्दल इतकी बारीक माहिती ढुंकूनही न पाहता कशी मिळते, हे एकदा शिकवा. माझ्या धंद्यात उपयोगी पडेल.

भाचा

२८ जून

चि. पंतास, आशीर्वाद.

राखुंडा वाढणार, हे वाचलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण तुमचा धंदा, तुमच्या रीती. म्हातारे जीव ठेवून करायचंय काय कुणाला. सगळे खूश आहेत हे मात्र लिहायला नको होतंस.

योगायोग असा की इकडेही तेच झालं. मंगळवारी चिरंजिवांनी माझी शेगडी वाढवली. स्वतः वर येऊन, स्वतःच्या हाताने. सूनबाई दारात उभी होती. निमित्त एका पातेल्याचं होतं, ते जाऊ दे. शिवाय विजेची किटली आणून दिली आहे. पाणी उकळायला आलं की ती स्वतःच घाबरून बंद होते. बापाची एवढी काळजी घेणारा मुलगा शोधून सापडायचा नाही.

राखुंड्याचं काही वेगळं करता आलं तर बघ. आग्रह नाही.

मामा

४ जुलै

ती. मामांस,

तुम्हीही कमाल करता. लोकांची मुलं आईबापाला जुना टीव्ही देत नाहीत, आणि तुमच्या मुलाने शेगडी वाढवून वर किटली दिली, तरी तुमचं तोंड वाकडंच. दोन बर्नरची झाली की तीन? आता एकावर बटाटे आणि एकावर चहा एकदम ठेवता येईल. आणि राखुंडा वाढतो म्हणून जेवण न जाणारे तुम्ही जगातले एकटेच. म्हाताऱ्याला बढती मिळू नये की काय?

अधिकाऱ्यालाही वेगळं पत्र टाकलं आहे. ज्याने सातव्या वाढदिवसाला केकच्या मेणबत्त्यांशेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती, आणि जो आज मोठ्या कचेरीच्या इमारतीत सुरक्षा अधिकारी आहे, त्या माझ्या मामेभावाने घरात आग वाढवावी, याचं कौतुक करायलाच हवं.

भाचा

४ जुलै

प्रिय अधिकारी,

मामांची शेगडी वाढवलीस, हे फार उत्तम केलंस. हे खरं म्हणजे कधीच व्हायला हवं होतं. ते कुरकुर करतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. या वयात आपल्या भल्याचं काय, हे माणसाला कळत नाही. वहिनींनाही माझे धन्यवाद सांग.

तुझा आतेभाऊ

२५ जुलै

ती. मामांस,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. मधे एक कार्ड टाकलं, त्याचंही नाही. नव्या शेगडीपुढून उठवत नाही असं समजू का?

पत्र येत नाही म्हटल्यावर माणूस खरं बोलायला लागतो. झकास चाललंय म्हणालो होतो, तसं ते नाही. कार्टून दाखवणाऱ्या वाहिनीने बालमनाचे एक सल्लागार नेमलेत. त्यांचं म्हणणं, आगीचे जीव बघून मुलं आगीशी खेळतील. मग पाण्याचे बघून बुडतील का, असं मी विचारलं. त्याची नोंद 'असहकार' या शीर्षकाखाली झाली. तेव्हा जाळ, भडका, लोळ, राख, पेटणे आणि विझणे हे शब्द बंद. "पेट घे" असं म्हणायचं नाही. "कोमट हो" म्हणायचं. राखुंड्याचं नाव ऊबोबा करावं, अशीही सूचना आली आहे.

मी मान डोलावली. पन्नाशीनंतर ती आपोआप डोलते. तेराव्या भागापर्यंत सगळी आग कोमट करून दिली आहे. "इंगळ्या, कोमट हो!" असं आमच्या नटाने काल खच्चून ओरडून म्हटलं आणि स्वतःच माइकपासून लांब जाऊन पाणी प्यायला.

दोन ओळी तरी लिहा.

भाचा

३० जुलै

पंत,

आशीर्वाद लिहिलेला नाही, हे लक्षात आलं असेल.

तुझ्या भावाला तू लिहिलेलं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. दोनदा. मग ते खालच्या स्वैपाकघरात, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी चिकटवलं. येणारे-जाणारे वाचतात आणि म्हणतात, लेखक भाच्यालाही पटलंय, म्हणजे म्हाताऱ्याचाच हेका दिसतोय.

शेगडी वाढवली म्हणजे काय, हे तुला कळू नये? दोन बर्नरची झाली का, म्हणे. वाढवली म्हणजे बंद केली. नळी काढली, टाकी खाली नेली, शेगडी उचलली आणि जिन्याखालच्या कपाटात घालून कुलूप लावलं. तुझी आई, माझी सख्खी बहीण, रोज झोपताना कंदील वाढवायची. "विझव" म्हणालास म्हणून तिने तुझ्या तोंडावर हात ठेवलेला मी पाहिला आहे. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बॉयलरवर तर "भट्टी विझली" असं बोलणाऱ्याला मुकादम त्या दिवशी घरी पाठवायचा. ज्याचं पोट शब्दांवर चालतं त्याला एवढं ठाऊक नसावं, आणि त्या अडाणीपणावर त्याने माझ्याच घरी माझ्याविरुद्ध दाखला लिहून द्यावा.

राखुंड्यालाही वाढवणार म्हणालास, तेव्हाच मला शंका आली होती की तू त्यांच्यातला झालास.

आता पुढचं. दहा तारखेला मला खाली आणणार आहेत. जिन्यालगतची खोली. तिला खिडकी आहे, ती जिन्यात उघडते. गच्चीवरच्या खोलीला कुलूप. अडतीस वर्षांत माझ्या बॉयलरचा काटा एकदाही लाल रेघेपलीकडे गेला नाही, आणि आज मला काडी ओढायची परवानगी नाही. मी चालत खाली जाणार नाही. त्यांना उचलून न्यावं लागेल, आणि मी अंग सैल सोडणार आहे, म्हणजे जड होईन.

कोमट हो म्हणे. तू झालासच की.

मामा

२ ऑगस्ट

ती. मामांस,

तुमचं पत्र उभ्याने वाचलं आणि मग बसलो.

राखुंड्याला मी मारणार नव्हतो. वाढणार म्हणजे मोठा होणार, रूप पालटणार, असं मला म्हणायचं होतं. एकच शब्द, तुम्ही एका टोकाने धरलात आणि मी दुसऱ्या. त्यात तुमच्या टोकाला शेगडी होती, माझ्या टोकाला नुसती पेन्सिल. आईचा हात तोंडावर आलेला मला आठवतो. का आला होता, ते विसरलो होतो. चूक माझी. तिला कोमट शब्द शोधत नाही.

अधिकाऱ्याला आज रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं आहे. त्याची नक्कल:

"प्रति, सुरक्षा अधिकारी. माझं ४ जुलैचं पत्र मी मागे घेत आहे. 'शेगडी वाढवली' याचा अर्थ मला नेमका उलटा कळला होता. मामांच्या भल्याबद्दलचं माझं मत कुणीही पुरावा म्हणून वापरू नये. ते मत अज्ञानी माणसाचं आहे. जुनं पत्र भिंतीवरून काढून त्या जागी हे चिकटवावं. कागदाचा आकार तोच ठेवला आहे, नवी चिकटपट्टी लागणार नाही. रविवारी येत आहे. मामांना उचलायची वेळ आली तर एका बाजूने मला धरावं लागेल, आणि मी धरणार नाही."

सल्लागारांनाही कळवलं आहे की चौदावा भाग मी लिहीन तसाच होईल, नाहीतर माझं नाव काढून कोमट लिहिणारा दुसरा शोधावा. असे पुष्कळ आहेत. मीच परवापर्यंत होतो.

रविवारी सकाळच्या बसने निघतो. चहाची सोय कशी करायची, ते तिथे ठरवू.

भाचा

११ ऑगस्ट

प्रिय आतेभावास,

पत्र लिहायची मला सवय नाही, मी सूचना लिहितो. तरी लिहितो आहे.

आधी नोंद. रविवारी तू आलास, माझ्याशी चार शब्द न बोलता थेट गच्चीवर गेलास, आणि तुम्ही दोघांनी सिमेंटच्या घमेल्यात फळकुटं आणि तुझ्या त्या सल्लागाराचं सूचनापत्र पेटवून चहाचं पाणी ठेवलंत. गच्चीवर उघडा जाळ करण्यास सक्त मनाई आहे. तसा फलक दारावर आहे. तू कोट त्याच्यावरच अडकवला होतास. मी नळकांडं घेऊन तीन जिने धावत वर आलो, तर तू म्हणालास, "ये, तुझाही कप ठेवलाय." ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. तुझ्या चहाला धुराचा वास होता. मी तो प्यायलो, हेही खरं.

तू चारच्या बसला गेलास. त्यानंतरचं तुला माहीत नाही.

आम्ही दोघंच उरलो, मधे घमेलं. तू दिवसभर मला जुलमी म्हणत होतास, म्हणून एक गोष्ट सांगतो, जी मी घरात कुणालाही सांगितली नव्हती. त्या मंगळवारी मी वर गेलो तेव्हा खोलीभर धूर होता, पातेलं काळं ठिक्कर, बटाट्यांचा कोळसा, आणि चार हातांवर बाबा खुर्चीत बसलेले. त्यांना पत्ताही नव्हता. आमच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पातेलं विसरले, मग घराचा नंबर, मग मला. मी शेगडी उचलली ती आगीच्या भीतीने नाही. आगीचं काय करायचं, ते मला येतं.

हे सगळं मी बाबांना त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. त्यांनी जाळात एक फळकूट सरकवलं. मग म्हणाले, "विसरलो नव्हतो. खेळत होतो."

मला कळेना. त्यांनी उठून उशीच्या अभ्र्यातून माझ्या मुलीचा तो खेळ काढला. पुलावर कुणी पाण्याची बाई असते म्हणे. सव्वीस वेळा तिने बाबांना हरवलं होतं. सत्ताविसाव्या वेळी तिचा शेवटचा जीव उरला होता, आणि बाबांचा तो राखुंडा एका फुंकरीवर होता. "त्याला तशा अवस्थेत सोडून बटाटे बघायला उठू?" असं त्यांनी मला विचारलं. जणू मीच काही चुकलो होतो.

मी म्हटलं, "मग दीड महिना हे सांगितलं का नाही? तुम्ही विसरायला लागलात म्हणून मी रोज रात्री जिन्यात येऊन तुमचा श्वास ऐकत होतो."

म्हणाले, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विसराळू म्हणवून घेणं चालतं. पोरकट म्हणवून घ्यायचं नव्हतं."

आपला बाप विसरत नाही, नुसता खोटं बोलतो, हे कळल्यावर एखाद्याला किती हलकं वाटावं. मी घमेल्याशेजारी खाली बसलो. हसलो की काय केलं, ते लिहीत नाही. नळकांडं मांडीवर होतं.

नंतर विचारलं, जिंकलात का? म्हणाले, "हरलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो पुलावर."

शेगडी सोमवारी मीच वर नेऊन जोडली. खोलीला कुलूप लावलेलं नाही. धुराचा भोंगा बसवला आहे. एक अट मी घातली: शेगडी पेटलेली असताना खेळ बंद. एक त्यांनी घातली: बॉयलरघरात असते तशी वही हवी, पेटवल्याची वेळ, वाढवल्याची वेळ, सही. मी म्हटलं, वही मी तपासणार. म्हणाले, तपास, पण वर येताना शीळ घालत ये, पहारेकऱ्यासारखा दबकत येऊ नकोस.

भिंतीवरची तुझी दोन्ही पत्रं काढली आहेत. फलक ठेवला आहे.

तुझा मामेभाऊ

१४ ऑगस्ट

चि. पंतास, अनेक आशीर्वाद. बसून देतो आहे, शेगडीसमोर.

भावाने तुला सगळं कळवलं असेल, आणि वाढवून कळवलं असेल. हे वाढवून तुझ्या अर्थाने घे. खेळाबद्दल त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण सव्वीस वेळा हा आकडा चूक आहे. एकोणीस.

वही सुरू केली आहे. काल तो तपासायला आला, तर जिन्यातून शीळ घालत आला, तीही बेसूर. पहिल्या पानावर त्याने लाल पेनने 'समाधानकारक' लिहिलं. मी खाली लिहिलं, 'तपासनीसाने चप्पल दाराबाहेर काढावी.' बरं चाललं आहे.

खाली येणार का, असं सूनबाईने एकदा विचारलं. जेवायला येईन म्हणालो, राहायला नाही. तिने तेवढ्यावर ताट वाढलं. हे वाढणं तिसरंच, तेही तुझ्या वहीत टिपून ठेव.

तुझ्या चौदाव्या भागाचं काय झालं? आणि माझी काडेपेटी तू खिशात घालून नेलीस. किटलीसारखी ती आपणहून परत यायची नाही.

मामा

२२ ऑगस्ट

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार.

चौदावा भाग परवा लागला. तुम्ही पाहिलाच असेल, खाली सगळ्यांमध्ये बसून, आणि आपल्याला यातलं काही कळत नाही असा चेहरा करून. पडद्यामागचं तेवढं सांगतो.

मी लिहिलं ते असं. पावसात राखुंडा पडलेला, पाठीवरची राख भिजून चिखल झालेली. समोर पाण्याचा जीव. त्याचा मालक म्हणतो, "हा विझला." राखुंड्याला सबंध मालिकेत एकही वाक्य नव्हतं, नुसते हुंकार. मी त्याला एक दिलं. तो डोळे न उघडता म्हणतो, "फुंकर मारून बघ." आणि मग वाढतो, माझ्या अर्थाने.

सल्लागारांनी दोन्ही वाक्यांवर लाल खूण केली आणि राखुंड्याच्या तोंडी "मी किंचित गारठलो" असं सुचवलं. राखुंड्याला आवाज देणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, जुन्या नाटकातल्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, चष्मा काढला आणि सल्लागारांना म्हणाल्या, "हे गारठणं तुम्हीच येऊन बोला, मी बाहेर बसते." ते बोलले नाहीत. बाईंनी माझं वाक्य एका दमात घेतलं. दुसऱ्यांदा घेऊ का, असं कुणी विचारलंही नाही.

भाग तसाच गेला. मला आगीच्या खात्यातून काढून पाण्याच्या जिवांवर टाकलं आहे. नव्या माणसाने पंधराव्या भागात काय केलंय, ते मी बघत नाही. एवढं कळलं की वाहिनीने जाहिरातीत राखुंड्याचं नाव आधीच बदललं होतं, तर मुलांनी तिला पत्रं पाठवली. त्यातलं एक व्यवस्थापकाने मला दाखवलं. त्यात एवढंच होतं: "ऊबोबा कोण? आमचा राखुंडा परत द्या." खाली बावीस सह्या, काही पेन्सिलीने. कोमट त्यात एकही नव्हती.

काडेपेटी सदऱ्याच्या खिशात सापडली. पोस्टात नेली होती. खिडकीतल्या बाईंनी पुडकं कानाशी हलवलं आणि न उघडताच परत दिलं. पेट घेणाऱ्या वस्तू टपालाने जात नाहीत. म्हणून शनिवारी स्वतःच घेऊन येतो. गच्चीवरच्या वाऱ्यात माझ्या हातून नऊ काड्या वाया गेल्या होत्या. कोपऱ्यावरून नवी पेटी आणून त्यातल्या नऊ तुमच्या पेटीत भरल्या आहेत, गुल सगळे एका बाजूला करून.

तुमचा भाचा